दहावीनंतर चित्रकला आणि डिझाइन: पुण्यातले रस्ते आणि त्यांच्या बंद होणाऱ्या वाटा

दहावीचा निकाल लागला की चित्र काढणाऱ्या मुलाच्या घरी वाद ठरलेला: आत्ताच कलेच्या कॉलेजात घालायचं की आधी बारावी होऊ द्यायची? ‘जास्त चित्रं कुठे काढायला मिळतील’ एवढंच बघितलं तर उत्तर चुकण्याचीच शक्यता जास्त. कुठला रस्ता धरल्यावर पुढची कुठली वाट बंद होते, हे आधी तपासायचं.

बी.डेस.ला (डिझाइनची पदवी), म्हणजे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेला, आयआयटींच्या यूसीड या डिझाइन प्रवेशपरीक्षेला, निफ्ट या फॅशन संस्थेला किंवा पुण्यातल्या विमाननगरच्या सिंबायोसिस आणि लोणी काळभोरच्या एमआयटीच्या डिझाइन संस्थांना बारावी लागते, पण शाखा कुठलीही चालते. बी.एफ.ए.चंही (ललित कलेची पदवी) तसंच, कुठल्याही शाखेची बारावी आणि राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा. अपवाद आर्किटेक्चरचा. तिथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत. कॉमर्सला गणित घेतलं म्हणजे काम भागेल, असं समजून फसणारी घरं दरवर्षी असतात. भौतिकशास्त्र नसेल तर तो दरवाजा उघडत नाही.

दहावीनंतर लगेच फाउंडेशन, की बारावी?

फाउंडेशन म्हणजे दहावीनंतरचा एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम. वस्तुचित्र, निसर्गचित्रण, द्विमित आणि त्रिमित संकल्प, अक्षरलेखन असं दिवसभर हातानेच काम. तिथून रंगकला किंवा उपयोजित कलेच्या (कमर्शियल आर्ट) पदविकेकडे जाता येतं. टिळक रस्त्यावरचं अभिनव कला महाविद्यालय हे या क्षेत्रातलं पुण्याच्या ओळखीचं नाव. हाताला जी सवय इथे वर्षभरात लागते ती अकरावीच्या कुठल्याही वर्गात लागत नाही, हे मान्यच करायला हवं.

अडचण एवढीच की हे वर्ष बारावीच्या बरोबरीचं धरलं जात नाही. वर्षभराने मुलाला प्रॉडक्ट डिझाइन आवडायला लागलं, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षा देऊन, किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी करावी लागते. एनआयओएसच्या बारावीला चित्रकला हा विषयच आहे, त्यामुळे ती वाट दिसते तितकी वाईट नाही. पण एखादं वर्ष जातं. म्हणून आमचं मत: चित्रकार किंवा उपयोजित कलाकारच व्हायचं हे पक्कं असेल आणि घरच्यांचीही तयारी असेल तरच फाउंडेशन. ‘डिझाइनमध्ये काहीतरी’ एवढंच डोक्यात असेल तर बारावी.

कला, कॉमर्स की सायन्स?

सायन्सचं खरं ओझं अभ्यासक्रमापेक्षा ‘इंटिग्रेटेड’चं. कॉलेज आणि जेईईचा क्लास एकाच छताखाली असला की सकाळी गेलेला मुलगा संध्याकाळीच घरी येतो. आर्किटेक्चर यादीत असेल तर सायन्स घ्या, पण साधं, क्लासला न बांधलेलं. ते यादीत नसेल तर कला किंवा कॉमर्सला मोकळा वेळ जास्त मिळतो. राज्य मंडळाच्या कला शाखेत चित्रकला विषय घेता येतो, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकी. फॉर्ममध्ये पसंती भरण्याआधी कॉलेजात जाऊन हा विषय प्रत्यक्षात चालतो का, ते विचारा.

सीबीएसईच्या शाळेत अकरावी-बारावीला पेंटिंग घेता येतं. लेखी ३० गुण, प्रात्यक्षिक ७०. प्रात्यक्षिकात निसर्ग आणि वस्तू-अभ्यासाला २५, रचनाचित्राला २५ आणि वर्षभराच्या कामाला २०. लेखीत बारावीला राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी शैली आणि बंगाल स्कूलपासून पुढचा इतिहास. वर्गात कायमचे चित्रकला शिक्षक असतील तर हा सौदा चांगला. आठवड्यातून एकदा येणारे असतील तर ७० गुणांची तयारी घरीच करावी लागते.

आयबी आणि केंब्रिज ए लेव्हल हे बारावीच्या पातळीचे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम फीचं गणित जमणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे तयार चित्राइतकंच ते कसं घडलं याच्या नोंदींना महत्त्व असतं. केंब्रिजच्या पूर्ण ए लेव्हलला देखरेखीखाली १५ तासांचं काम आणि १००० ते १५०० शब्दांचं लेखनही असतं. परदेशी जायचं असेल तर इथला पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, तसाच उपयोगी पडतो.

एक खुलासा. शाळेत असताना दिलेल्या चित्रकलेच्या इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेतल्या ए ग्रेडचे ७ गुण दहावीच्या निकालातच मिळून जातात. एनआयडी किंवा यूसीड ती ग्रेड मागत नाहीत, पण तिच्यासाठी केलेलं वस्तुचित्र मात्र उपयोगी पडतं.

रस्ता कुठलाही धरा, तास मोजा

आठवड्याला अडीच तासांच्या दोन बैठका आणि सहा दिवस रोज अर्धा तास स्केच, म्हणजे ८ तास. अकरावीच्या जूनपासून बारावीच्या डिसेंबरपर्यंत सुट्ट्या वगळून ७० आठवडे धरले तर ५६० तास होतात. निवडलेल्या कॉलेजच्या वेळापत्रकात हे ८ तास बसत नसतील, तर त्या कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, ते या कामाचं नाही.

बैठक वस्तुचित्राची ठेवा. तांब्या, पेला आणि एक ठोकळा पुरेसा. सगळ्यात जास्त चुकतो तो पेल्याचा तळ. पेला टेबलावर सपाट बसलाय म्हणून मुलं तळ सरळ रेषेने काढतात. वरून बघताना तळ डोळ्याच्या पातळीपासून काठापेक्षा जास्त खाली असतो, म्हणून त्याचा लंबगोल काठाच्या लंबगोलापेक्षा अधिक गोल दिसायला हवा. पोस्टर कलरचं दुखणं वेगळं. त्यातला डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या ब्रशने दुसरा थर घासला की खालचा उचलून येतो. थर जाड दिला तर तडे जातात, पातळ दिला तर डाग पडतात. ताकासारखा पातळपणा आणि एका दिशेचा हात, एवढं जमलं की निम्मा प्रश्न सुटला. पातळ कार्ट्रिज कागद पाण्याने सुरकुततो. जलरंगाला ३०० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) घ्या, रोजच्या सरावाला १५० पुरतो. अप्पा बळवंत चौकात दोन्ही मिळतात.

स्केचसाठी मंडई, पाताळेश्वर, विश्रामबागवाडा. मंडईत भाजीवाली हलत राहते, म्हणून दोन मिनिटांत पवित्रा पकडायची सवय लागते. फोटोवरून काढलेल्या पंचवीस स्केचपेक्षा अशी पाच पोर्टफोलिओत जास्त बोलतात.

जानेवारीचा गोंधळ

यूसीड साधारण जानेवारीत असते, एनआयडी आणि निफ्टच्या परीक्षाही त्याच सुमाराला, आणि लगेच बारावीची प्रात्यक्षिकं. यूसीड ३०० गुणांची: पहिला भाग २०० गुणांचा, संगणकावर, दुसरा १०० गुणांचा, हाताने रेखाटण्याचा. पहिल्या भागाची कटऑफ पार झाली तरच दुसरा तपासला जातो, त्यामुळे नुसत्या चांगल्या हातावर विसंबता येत नाही. परीक्षा फार तर दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते. त्या दोन संधी म्हणजे बारावीचं वर्ष आणि त्याच्या लगेच पुढचं वर्ष, त्यामुळे बारावीच्या वर्षी दिली नाही तर ती संधी पुढे उरत नाही. ज्यांना एक वर्ष थांबून तयारी करायची आहे त्यांनी ते आधीच ठरवावं, आणि तसं ठरलं असेल तरी बारावीच्या ऑक्टोबरमध्ये यूसीडचा फॉर्म भरायला हरकत नाही.