कॅमोमाइलचा चहा आणि झोप: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर

कॅमोमाइलच्या सुकवलेल्या फुलांचा चहा मी गेले कित्येक महिने रात्री घेत आले आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हा चहा स्वतः झोप आणत नाही. झोपेच्या आड येणारा ताण मात्र थोडा सैल होतो. हा फरक वाचायला किरकोळ वाटेल, पण हे फूल आपल्या उपयोगाचे आहे की नाही हे नेमके त्यावरच ठरते. अंथरुणावर पडल्यावर ज्यांच्या डोक्यात दिवसभराची कामे, झालेली बोलणी आणि उद्याच्या चिंता सुरू होतात, त्यांना याचा उपयोग होऊ शकेल. ज्यांना झोप सहज लागते पण मध्यरात्रीनंतर मोडते आणि मग पहाटेपर्यंत परत लागत नाही, त्यांनी फारशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या वाट्याला हे दोन्ही त्रास आलेले असल्यामुळे दोहोंवरचा परिणाम मला शेजारीशेजारी पाहता आला, आणि तो सारखा नव्हता.

आधी वस्तूविषयी. कॅमोमाइल या नावाने मुख्यतः दोन वनस्पती विकल्या जातात. जर्मन कॅमोमाइल, म्हणजे मॅट्रिकारिया कॅमोमिला, ही एका हंगामात फुलून संपणारी वनस्पती आहे. रोमन कॅमोमाइल, म्हणजे कॅमेमेलम नोबिले, ही बहुवर्षायू आहे. दोन्ही शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्याच कुळातल्या. चहासाठी बहुतेक वेळा जर्मन जात वापरतात, युनानी औषधांतला बाबूना म्हणजे हीच, आणि झोप किंवा चिंता यांवरच्या ज्या चाचण्यांचा उल्लेख पुढे येईल त्याही हिच्याच. अख्खी सुकी फुले हाती असतील तर ओळख पटवणे सोपे आहे: फुलाचा मधला पिवळा भाग उभा चिरला की जर्मन जातीत तो आतून पोकळ निघतो आणि रोमन जातीत भरीव. पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापलेले नसेल तर ती पुडी मी परत जागेवर ठेवते, कारण याच्यासारखीच दिसणारी, उग्र वासाची आणि त्वचेला त्रास देणारी ॲन्थेमिस कोटुला ही रानटी वनस्पती कॅमोमाइलमध्ये मिसळली गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

सुरुवातीला मी टी-बॅग वापरल्या आणि नंतर अख्ख्या फुलांकडे वळले. ते केवळ चवीसाठी नव्हे. टी-बॅगमध्ये बहुधा बारीक चुरा असतो आणि त्यात फूल किती, देठ किती आणि पाने किती, हे डोळ्यांना कळत नाही. अख्ख्या फुलांत पांढऱ्या पाकळ्या शाबूत आहेत का, हे दिसते; आणि ते पाहण्यासारखे आहे, कारण या फुलाच्या शामक गुणाशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या एपिजेनिन या द्रव्याची संयुगे मुख्यतः या पाकळ्यांतच असतात. फुलांचा वास पिकलेल्या सफरचंदासारखा गोडसर यायला हवा. वास वाळलेल्या गवतासारखा येऊ लागला की माल जुना झाला असे समजावे. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवूनही हा वास हळूहळू उडतोच, म्हणून एकदम मोठा साठा करण्यात अर्थ नाही.

करण्याच्या पद्धतीने जेवढा फरक पडतो, तेवढा फुलांच्या ब्रँडनेही पडत नाही, असे मला आढळले. फुले पाण्यात टाकून खळखळ उकळायची नाहीत. उकळून केला तो काढा. इथे हवा तो आयुर्वेदात ज्याला फांट म्हणतात तसा प्रकार, म्हणजे नुकतेच उकळलेले पाणी फुलांवर ओतायचे, लगेच झाकण ठेवायचे आणि दहा मिनिटे हात लावायचा नाही. झाकण विसरू नये, कारण सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते आणि खोलीत दरवळ पसरला तरी पेल्यात तेवढे कमी उरते. युरोपीय औषध संस्थेच्या पत्रकात पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी 150 मिलिलीटर उकळत्या पाण्यात दीड ते चार ग्रॅम फुले असे प्रमाण दिले आहे. सुकी फुले इतकी हलकी असतात की चहाच्या एका चमच्याने ती मात्रा भरत नाही. मी वजन करून पाहिल्यावर चमच्यांची संख्या वाढवली आणि तेव्हापासून चहाला खरी चव आली. दहा मिनिटांच्या फार पुढे गेले की कडवटपणा उतरतो. मध घातला तर चालतो, दूध मात्र अजिबात जमत नाही. जाता जाता एक गंमत: या फुलांचे वाफेने काढलेले तेल गडद निळे असते, कारण फुलातल्या मॅट्रिसिन या रंगहीन द्रव्याचे उष्णतेने कॅमॅझुलीनमध्ये रूपांतर होते. पेल्यातला चहा मात्र पिवळाच राहतो, त्यामुळे तो निळा झाला नाही म्हणून फुलांवर संशय घेण्याचे कारण नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मला काहीही जाणवले नाही, असे म्हटले तरी चालेल. चहा चांगला लागत होता, एवढेच. बदल लक्षात आला तो हळूहळू आणि काहीसा अनपेक्षित ठिकाणी. झोप लागायला लागणारा वेळ जवळपास पूर्वीइतकाच होता, पण त्या वेळात होणारी तगमग कमी झाली होती. जबडा आवळून धरण्याची मला जुनी सवय आहे. ती सुटत नाही, पण रात्री पेला संपेपर्यंत जबडा सैल झालेला असे. जेवणानंतर पोटात जे जडपण राही, तेही कमी झाले, आणि माझ्या मते या चहाचा सर्वांत खात्रीचा गुण तोच आहे. 1984 साली जर्मनीतल्या कमिशन ई या तज्ज्ञ समितीने या फुलांना मान्यता दिली ती पोटातल्या मुरड्यासाठी आणि दाहासाठी. युरोपीय औषध संस्थेच्या पत्रकातही पारंपरिक वापर म्हणून पोटाच्या तक्रारी, सर्दी, तोंडातले व्रण आणि त्वचेचा दाह यांची नोंद आहे, झोपेची नाही. झोपेच्या रकान्यात ही संस्था व्हॅलेरियन, लॅव्हेंडर, पॅशनफ्लॉवर अशा वेगळ्या वनस्पती धरते. कॅमोमाइलच्या पुडीवर चंद्र आणि चांदण्या छापणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

परिणाम फुलांचा की गरम पेयाचा, ही शंका मला स्वतःलाच होती. म्हणून मधूनमधून काही रात्री मी त्याच वेळी, त्याच पेल्यातून नुसते गरम पाणी घेऊन पाहिले. दिवे मंद करणे, पडद्यावरचे काम बंद करणे, हे दोन्ही प्रकारच्या रात्री सारखेच ठेवले. झोप लागण्यात फरक पडला नाही. पोट आणि अंगातला ताण यांच्या बाबतीत फुलांच्या रात्री उजव्या ठरल्या, पण कॅमोमाइलचा वास लपवता येत नसल्यामुळे आपण काय पितो आहोत हे ठाऊक असतेच, आणि ठाऊक असण्याचाही परिणाम होतो. तेव्हा माझ्या या निरीक्षणाला पुराव्याचे वजन कोणी देऊ नये.

पुरावा म्हणून जे उपलब्ध आहे तेही बरेचसे याच दिशेला जाते, हे मला नंतर वाचताना लक्षात आले. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखवले गेले की एपिजेनिन हे मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकांवर त्याच जागी चिकटते जिथे बेन्झोडायझेपिन वर्गातली शामक औषधे काम करतात. उंदरांवरच्या त्या प्रयोगात भीती कमी झाली, पण गुंगी आणण्यासाठी मात्रा कितीतरी पट वाढवावी लागली. माणसांवरच्या चाचण्यांपैकी 2009 ची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली चाचणी चिंतेच्या विकारावर होती: 57 जणांना आठ आठवडे अर्काच्या किंवा तशाच दिसणाऱ्या निष्प्रभ कॅप्सूल देण्यात आल्या आणि अर्क घेणाऱ्यांची चिंता तुलनेने अधिक उतरली. 2011 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी निद्रानाशाच्या 34 रुग्णांपैकी निम्म्यांना 28 दिवस दिवसातून दोनदा 270 मिलिग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना निष्प्रभ औषध दिले, तेव्हा झोपेच्या मोजमापांत दोन्ही गटांमध्ये ठोस फरक आढळला नाही. दिवसा वाटणाऱ्या तरतरीत थोडी सुधारणा दिसली, एवढेच. माझ्या पेल्यात अर्क नव्हता, साधा चहा होता, तरी चिंतेवर थोडे आणि झोपेवर फारसे नाही, हे चित्र मला माझ्याच रात्रींचे वाटले.

चहाचीच चाचणी पाहायची तर 2016 सालची तैवानमधली आहे. बाळंतपणानंतर झोप नीट न लागणाऱ्या 80 स्त्रियांपैकी निम्म्या जणींना दोन आठवडे रोज कॅमोमाइलचा चहा देण्यात आला. त्यांच्यात शारीरिक त्रासामुळे मोडणारी झोप आणि उदासीनता, दोन्ही कमी झाल्याचे दिसले. परंतु चहा थांबल्यावर आणखी दोन आठवड्यांनी तपासले तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लाभ असला तरी तो घेत असेपर्यंतच. मी काही वेळा मध्ये खंड पाडला तेव्हा माझ्याही बाबतीत असेच झाले, आणि त्यातली चांगली बाजू अशी की बंद केल्यावर झोप आणखी बिघडली, चिडचिड वाढली, असे काहीच झाले नाही.

कॅप्सूलही काही आठवडे घेऊन पाहिल्या. चहापेक्षा वेगळे काही जाणवले नाही आणि लेबलांचा गोंधळ नकोसा झाला: एका बाटलीवर फुलांची पूड, दुसरीवर अर्क, तिसरीवर नुसताच मिलिग्रॅमचा आकडा. पूड आणि अर्क यांचे मिलिग्रॅम सारखे नव्हेत. चाचण्यांत वापरलेला अर्क ठरावीक प्रमाणात एपिजेनिन असलेला होता आणि तशी नोंद नसलेल्या बाटलीला त्या निष्कर्षांचा आधार घेता येत नाही. शिवाय रात्री पेला हातात धरून दहा-पंधरा मिनिटे शांत बसणे हा या उपायाचा निम्मा भाग आहे, आणि कॅप्सूल तो भाग काढून टाकते. ‘झोपेचा चहा’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांविषयीही असेच सावध राहावे. त्यांत कॅमोमाइलबरोबर व्हॅलेरियन, हॉप्स वगैरे असतात. बरे वाटले तरी कशाने ते कळत नाही आणि त्रास झाला तरी कळत नाही.

आता त्रासाविषयी. मला झालेला त्रास एकच, आणि तो पाण्याचा: झोपण्याच्या तोंडावर मोठा पेला घेतला की लघवीसाठी उठावे लागते. पेला लहान केला आणि तो झोपण्याच्या तास-दीड तास आधी घेऊ लागले, तेव्हा ती अडचण गेली. पण सर्वांसाठी हे फूल निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची किंवा रॅगवीडसारख्या वनस्पतींच्या परागांची ॲलर्जी असणाऱ्यांना कॅमोमाइलनेही ॲलर्जी होऊ शकते आणि क्वचित ती गंभीर रूप घेते. या चहाने डोळे धुण्याचा जुना उपाय तर करूच नये. त्याने डोळे सुजल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये: वॉरफरिन चालू असताना कॅमोमाइलचा चहा आणि लोशन भरपूर वापरणाऱ्या 70 वर्षांच्या एका स्त्रीला अंतर्गत रक्तस्राव झाल्याचे 2006 मध्ये कॅनडातल्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे. गर्भवती स्त्रिया, शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण आणि आधीच झोपेच्या गोळ्या घेणारे यांनीही आधी विचारून घ्यावे. शेतातल्या तणांमधून येणारी, यकृताला अपायकारक अशी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स वनस्पतींच्या चहांत सापडल्याचे जर्मनीतल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने 2013 मध्ये दाखवले आणि त्यांत कॅमोमाइलही होते. ही बातमी वाचल्यापासून मी दिवसभर हाच चहा पीत राहण्याचा विचार सोडून दिला. रात्रीचा एक पेला पुरतो.

पहाटेच्या जागेपणावर या चहाने काहीही केले नाही, हे सुरुवातीला म्हटलेच आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली असेल तर तो दीर्घकालीन निद्रानाश धरला जातो, आणि त्यावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये पहिला उपाय म्हणून गोळ्या नव्हे तर निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती सुचवली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तिच्यातले दोन नियम पाळू लागले: रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे, आणि जाग येऊन बराच वेळ झोप लागत नसेल तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसायचे. पहिले काही दिवस फार जड गेले, पण पहाटेची झोप सुधारली ती यानेच. चहा आता रोज होत नाही. काम रात्रीपर्यंत लांबले, जेवण उशिरा झाले किंवा कोणाशी वाद होऊन डोके तापले असेल, अशा दिवशी मी फुलांची बरणी काढते, आणि ती संपत आली की पुन्हा लहानच पुडी आणते.