तान्ह्या बाळासाठी प्रोबायोटिक: थेंब की पुडी?

बाळाला प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव, द्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरलं की पुढचा प्रश्न उरतो: तेलातले थेंब घ्यायचे की पावडरची पुडी? आमच्याकडे दोन्ही वापरून झालं. संध्याकाळच्या न थांबणाऱ्या रडण्यासाठी थेंब, आणि पुढे अँटिबायोटिकनं पोट बिघडलं तेव्हा पुडी.

पुढचं सगळं पूर्ण दिवसांच्या, वजन नीट वाढणाऱ्या बाळापुरतंच आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदयात जन्मजात दोष असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर ही निवड घरी करायचीच नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि अन्नावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) डॉक्टरांना इशारा दिला तो यावरूनच. 1 किलोपेक्षा कमी वजनाचं एक बाळ रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेलं, आणि रक्तात सापडलेला बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू जनुकीय तपासणीत त्याला दिलेल्या प्रोबायोटिकशी जुळला. ते उत्पादन तेलातलं होतं. म्हणजे तेल आहे म्हणून सुरक्षित, असं मी म्हणणार नाही.

निरोगी बाळात मात्र हे जिवाणू सहसा त्रास देत नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती त्यांच्यासोबत नको ते पोटात जाण्याची. 2014 मध्ये अमेरिकेतच अपुऱ्या दिवसांचं एक बाळ बुरशीच्या संसर्गानं दगावलं. त्याला दिलेल्या प्रोबायोटिक पावडरच्या न उघडलेल्या बाटल्यांमध्येही ती बुरशी निघाली. हा दोष कारखान्यातला होता, घरी कितीही हात धुतले तरी तो टळला नसता. पण घरी पोचेपर्यंत जे शुद्ध आहे ते तरी शुद्ध राहावं, एवढं आपल्या हातात असतं.

आणि तिथेच पुडीनं मला बेजार केलं. आम्हाला अर्धी पुडी सांगितली होती. अर्धी म्हणजे किती? पावडर इतकी हलकी की डोळ्यांनी केलेले दोन भाग कधी सारखे वाटलेच नाहीत. उरलेली अर्धी घडी घालून ठेवली तर दमट हवेत तिचे खडे होतात, आणि टाकून दिली तर रोज निम्मं औषध वाया. त्यात अंगावर पिणाऱ्या बाळासाठी ती कालवायची कशात? काढलेलं दूध, वाटी, चमचा, सगळं उकळून घ्या, मग कालवा, मग बाळानं अर्धं थुंकलं की नेमकं किती पोटात गेलं याचा अंदाज बांधा. रात्री झोपेत हे करताना दर वेळी धाकधूक असायची.

थेंबांनाही खोडी आहेत. जिवाणू तळाशी बसतात म्हणून बाटली हलवावी लागते, आणि तेल दाट असल्यानं थेंब पडता पडत नाही. पण चमचा तोंडाशी नेला की काम संपलं, कालवाकालव नाही.

वेष्टनावर जिवाणूच्या जातीपुढचा क्रमांक लिहिलेला असतो का, तेही पाहा. आमच्या थेंबांवर होता: जिवाणूचं नाव रॉयटेरी, आणि क्रमांक डीएसएम 17938. मूळ जिवाणूतले अँटिबायोटिकला दाद न देणारे गुण वाहणारे दोन प्लास्मिड (जिवाणूतले डीएनएचे सुटे तुकडे) काढून हा तयार केलेला आहे. 2018 च्या एकत्रित विश्लेषणात अंगावर पिणाऱ्या बाळांचं कोलिकचं, म्हणजे तेच न थांबणारं रडणं त्यानं कमी झालेलं दिसलं, वरच्या दुधावरच्या बाळांबद्दल मात्र ठामपणे सांगता आलं नाही. आमच्याकडे फरक वाटला, पण कोलिक तीन-चार महिन्यांत आपोआपही ओसरतं, त्यामुळे सगळं श्रेय मी थेंबांना देत नाही.

अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांसाठी पुरावा जास्त आहे तो ऱ्हॅम्नोसस जीजी या जिवाणूचा आणि बोलार्डी या यीस्टचा (ही एक बुरशी), आणि बोलार्डी बहुधा पुडीतच मिळते. तेव्हा डॉक्टरांनी तेच सांगितलं तर पुडी घ्यावी, फक्त एका वेळेला पूर्ण पुडी संपेल असं प्रमाण मिळतंय का ते विचारावं. बाकी निवड माझ्यावर असेल तर मी थेंबच घेईन.

दोन्हींपैकी काहीही चालू असताना बाळाला ताप आला, ते मलूल झालं किंवा दूध ओढेनासं झालं, तर वाट पाहत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना वेष्टनच नेऊन दाखवा. बिफिडोबॅक्टेरियम प्राणवायूविना वाढतो, त्यामुळे रक्ताच्या नेहमीच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तो निसटू शकतो. बोलार्डी असेल तर जिवाणूंवरचं औषध तिच्यावर चालतच नाही.