‘लेस’ सोडा, पण ‘इनफ’ घ्यायचं, ‘शॉर्ट’ की ‘इनसफिशियंट’?

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदाराला मेल जातो, ‘बॉक्सेस आर लेस.’ अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘टुडे स्टाफ इज लेस.’ कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘सॉल्ट इज लेस.’ आपल्या कानाला यात काही खटकत नाही, कारण मराठीतला ‘कमी’ दोन्ही कामं करतो. कशापेक्षा तरी कमी, आणि गरजेला अपुरं. इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत आणि ‘लेस’च्या वाट्याला फक्त पहिलं आलंय. म्हणून मेल वाचणारा ‘कशापेक्षा लेस?’ इथेच अडकतो. अपुरेपणा सांगायचा असेल तर ‘लेस’ बाजूला ठेवा. त्याच्या जागी काय घ्यायचं, ते तुम्ही कुठे आणि कुणाशी बोलताय त्यावर ठरतं.

एकच रचना शिकायला वेळ असेल तर ‘नॉट इनफ’ शिका. ती घरात चालते, मुलाखतीत चालते, मेलमध्येही चालते. अडचण फक्त जागेची. मराठीत ‘पुरेसं’ नेहमी पुढे उभं राहतं: पुरेसं पाणी, पुरेसं मोठं. इंग्रजीत ‘इनफ’ नामाच्या आधी येतं, पण विशेषणाच्या नंतर. ‘इनफ वॉटर’, पण ‘बिग इनफ’. ‘इनफ बिग’ ही आपली हमखास होणारी चूक इथूनच येते.

ही चूक व्यवहारात महागही पडू शकते. ‘वुई डोन्ट हॅव इनफ बिग बॉक्सेस’ म्हणजे मोठी खोकी संख्येने अपुरी आहेत. ‘द बॉक्सेस आर नॉट बिग इनफ’ म्हणजे खोकी आहेत तेवढी आहेत, पण आकाराने लहान पडतात. पहिलं वाचून पुरवठादार आणखी खोकी पाठवेल, दुसरं वाचून खोकी बदलून देईल. शब्द जवळपास तेच, फक्त ‘इनफ’ची जागा बदलली.

‘इनफ’च्या शेजारीच ‘टू’ ठेवून बघायला हवं. खरेदीदाराने द्राक्षाचा १८ मिलिमीटरचा मणी मागितला आणि आपल्या प्लॉटमध्ये १६चा निघाला. इथे ‘द बेरीज आर नॉट बिग इनफ’ म्हणता येतं, ‘द बेरीज आर टू स्मॉल’ही म्हणता येतं. दोन्ही बरोबर. पण पहिलं वाक्य ठरलेल्या मापाकडे बोट दाखवतं, दुसरं मालावरच निकाल देऊन टाकतं. माल आपला असेल तर मी पहिलं लिहीन. आलेला माल परत पाठवायचा असेल तर दुसरं. एक काळजी मात्र घ्या. ‘टू स्मॉल टू एक्सपोर्ट’ यात ‘पाठवता येणार नाही’ हा नकार आधीच आहे, वर आणखी ‘नॉट’ घालू नका. आणि ‘टू’च्या जागी ‘व्हेरी’ घेतलं तर नुसतं ‘फार बारीक’ एवढंच कळतं. पाठवायला चालेल की नाही, हे कळतच नाही.

आता ‘शॉर्ट’. आकडा हाताशी असेल तर यासारखं सोपं काही नाही. ‘वुई आर ४० बॉक्सेस शॉर्ट.’ किती कमी पडले, हे पाच शब्दांत संपलं. आकडा नसेल तर ‘वुई आर शॉर्ट ऑफ बॉक्सेस’. मराठीत खोकी कमी पडतात, म्हणजे कर्ता खोकी. इंग्रजीच्या या रचनेत कमी ‘आपण’ पडतो. हे पालटणं जमलं की ‘शॉर्ट’ जमलं. नाहीतर ‘अवर स्टाफ इज शॉर्ट’ लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला आपली माणसं बुटकी वाटतात. तिथे ‘वुई आर शॉर्ट ऑफ स्टाफ’ किंवा ‘शॉर्ट-स्टाफ्ड’ हवं. कंटेनर न्हावा शेव्याला निघायच्या आधी सावध करायचं असेल तर ‘वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ पनेट्स’, म्हणजे पनेट, द्राक्षं भरायचे छोटे डबे, संपत आलेत. ‘वुई हॅव रन आउट ऑफ पनेट्स’ लिहिलंत तर संपलेच. पहिल्या मेलवर खरेदीदार वाट बघेल, दुसऱ्यावर दुसरा पुरवठादार शोधू लागेल.

‘लॅक’ कानाला भारदस्त वाटतो म्हणून उगाच वापरला जातो. क्रियापद असताना त्याच्यामागे ‘ऑफ’ येत नाही: ‘वुई लॅक वॉटर’. नाम असताना येतो: ‘लॅक ऑफ वॉटर’. ‘वुई लॅक ऑफ वॉटर’ हे दोन्हींचं कडबोळं, आणि ते कुठेच चालत नाही. अर्थातही फरक आहे. ‘लॅक’मध्ये ती गोष्ट मुळातच नसण्याची छटा येऊ शकते, ‘शॉर्टेज’मध्ये ती आहे पण पुरत नाही. पावसाळ्यात सुरगाणा-पेठकडे धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. त्या टंचाईला ‘वॉटर शॉर्टेज’ म्हणावं, कारण प्रश्न पाऊस नसण्याचा नाही, उन्हाळ्यापर्यंत पाणी न पुरण्याचा आहे. मुलाखतीत तर ‘आय लॅक एक्सपीरियन्स’ मुळीच म्हणू नका. ‘आय डोन्ट हॅव मच एक्सपीरियन्स येट’ तितकंच खरं आहे आणि त्यातल्या ‘येट’मुळे पुढची वाट उघडी राहते.

‘इनसफिशियंट’ कागदावरचा शब्द आहे, तिथेच शोभतो. न वटलेल्या चेकसोबत बँकेच्या मेमोवर ‘फंड्स इनसफिशियंट’ येतं. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ याच कारणाने परतलेल्या चेकसाठी आहे. सर्किट बोर्ड तपासणाऱ्यांकडे ‘इनसफिशियंट सोल्डर’ हे दोषाचं रूढ नाव आहे. नोटीस, तपासणी अहवाल, अर्ज यांत तो जरूर वापरा. मित्राला ‘आय हॅव इनसफिशियंट मनी’ म्हणालात तर व्याकरण बरोबर, पण नोटीस वाचल्यासारखं वाटेल. ‘इनअडिक्वेट’ सोय, व्यवस्था, तयारी यांच्यासाठी ठेवा: ‘पार्किंग इज इनअडिक्वेट’ ठीक. माणसाला मात्र तो लावू नये, त्याच्या कुवतीवरच बोट ठेवल्यासारखं होतं.

राहिले ‘फ्यू’ आणि ‘लिटल’. द्राक्षतोडणीच्या सकाळी ‘फ्यू वर्कर्स केम’ म्हणजे मजूर फारच थोडे आले, काम अडलं. ‘अ फ्यू वर्कर्स केम’ म्हणजे थोडे का होईना आले, काम सुरू झालं. पाण्यासारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींना तोच फरक ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चा. लिहिताना हा ‘अ’ दिसतो. फोनवर, त्यातही शेडमध्ये क्रेट आदळत असताना, तो ऐकूच जात नाही. म्हणून बोलताना ‘फ्यू’वर विसंबू नका. ‘नॉट मेनी वर्कर्स केम’ म्हणा किंवा सरळ ‘वुई डोन्ट हॅव इनफ वर्कर्स टुडे’.