निऑन मरतात, गप्पी जगतात: पहिला खर्च औषधावर, आरओवर की टेस्ट किटवर?

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमधल्या फिशटँकमध्ये गप्पी आणि मॉली मजेत असतात, पाणीही नितळ दिसते, आणि तरीही निऑन टेट्रा, कोरी किंवा रॅम यांच्यापैकी एकेक मासा दर काही दिवसांनी मेलेला सापडतो. अंगावर ना ठिपका, ना बुरशी, ना जखम. अशा वेळी दुकानात औषधाची बाटली हातात दिली जाते, ओळखीचे लोक आरओचे पाणी वापरायला सांगतात, आणि फार थोडे जण पाणी तपासायला सुचवतात. तिन्हींसाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून आधी काय घ्यावे हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते थेंबांचे टेस्ट किट आधी घ्यावे. उरलेले दोन पर्याय टाकाऊ नाहीत, पण त्यांची वेळ वेगळी आहे.

रोग डोळ्यांना दिसत असेल, म्हणजे अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके असतील किंवा पर झडू लागले असतील, तर औषधाला उशीर करू नये. लक्षण नसताना घातलेले औषध मात्र बहुधा नुकसानच करते. मिथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये ओतले की मासे आणि उरलेले खाणे यांतून पाण्यात येणारा घातक अमोनिया पचवणाऱ्या, फिल्टरमधल्या जिवाणूंना त्याचा फटका बसतो. मग अमोनिया वाढतो, आणखी मासे जातात, आणि रोग पसरला असे समजून पुन्हा औषध घातले जाते. तांबे असलेली औषधे मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात अधिक विषारी ठरतात, आणि लोच किंवा टेट्रांसारखे मासे वाचवायचे तेच आधी दगावतात.

आरओच्या पाण्याची ओढ समजण्यासारखी आहे, कारण निऑन आणि कार्डिनल टेट्रा हे मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातले मासे आहेत. पण नवी मुंबईला मोरबे धरणाचे आणि ठाण्याला मोठ्या प्रमाणात भातसा नदीचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी सहसा फार जड नसते. त्यामुळे निव्वळ धरणाचे पाणी येणाऱ्या सोसायटीत आरओची गरज क्वचितच पडते. घोडबंदर रोडसारख्या भागात जिथे उन्हाळ्यात टँकरवर किंवा बोअरवेलवर भागवावे लागते, तिथे गोष्ट वेगळी, कारण पाण्याचा जडपणा एका आठवड्यात बदलू शकतो आणि तो बदलच नाजूक माशांना सोसत नाही.

आरओचा खरा धोका केएचमध्ये आहे. केएच म्हणजे पीएच सावरून धरणाऱ्या कार्बोनेटचे प्रमाण, आणि निव्वळ आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. अमोनियाचे नायट्रेट होताना जे थोडे असते तेही खर्च होते, पीएच सहाच्या खाली घसरतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बव्हंशी अमोनियम या कमी घातक रूपात राहतो, म्हणून मासे तग धरतात. मग कधीतरी निम्मे पाणी बदलून नळाचे पाणी भरले जाते, पीएच वर उसळतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग सुमारे अर्धा टक्का असतो, तर पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. इतक्या काळजीने पाणी बदलूनही त्याच संध्याकाळी मासे मरावेत, याहून क्लेशदायक काही नसते. म्हणून आरओ वापरायचेच तर नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे आणि केएच तीन-चार अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

हे सारे कळते ते किटमुळे. किटमध्ये अमोनिया, त्याचे नायट्रेट होताना मधल्या टप्प्यात तयार होणारे नायट्राइट, पीएच आणि केएच यांच्या चाचण्या हव्यातच. पाण्यात बुडवायच्या टेस्टच्या पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात, पण त्यांतल्या कित्येकींवर अमोनियाचा चौकोनच नसतो; टीडीएस मीटर तर पाण्यात क्षार किती एवढेच सांगतो. काचेच्या नळीत रेषेपर्यंत पाणी घ्यावे, सांगितलेले थेंब घालून हलवावे, लिहिलेली मिनिटे थांबावे आणि नळी पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात धरावी. अमोनियाच्या चाचणीत पिवळ्यात हिरवट झाक दिसली तरी ती गंभीर समजावी, कारण फिल्टरमधले जिवाणू रुळून तयार झालेल्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. टँकच्या पाण्याबरोबर नळाचे ताजे पाणी आणि रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणीही तपासावे. पीएचमध्ये मोठा फरक आढळला तर पाणी बदलण्याची पद्धत बदलावी लागेल.

किटला न दिसणारी कारणेही आहेत. पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे धापा टाकू लागले तर क्लोरीनचा संशय घ्यावा. पावसाळ्यात पाण्यात क्लोरीन जास्त असू शकते, आणि सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतरचे पाणी तर वापरूच नये. हायपो (सोडियम थायोसल्फेट) क्लोरीनला निष्प्रभ करतो, अमोनियाला नाही. घरात फवारणीचे पेस्ट कंट्रोल झाले असेल तर त्यातली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअरपंप खोलीतली तीच हवा पाण्यात सोडत असतो. मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर गेले की प्राणवायू कमी विरघळतो. रॅम ती उष्णता काही काळ सोसतात, निऑन आणि बहुतेक कोरी सोसत नाहीत.

टँकरवर भागवणाऱ्यांनी किटनंतर आरओचा विचार करावा, आणि ठिपके दिसणाऱ्यांनी आजारी मासा वेगळ्या टबात घेऊन औषध द्यावे. नवे मासे आणल्यानंतर पहिल्याच आठवड्यात फक्त तेच मरत असतील, तर दोष प्रवासातल्या ताणात किंवा आणलेल्या मालात असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे आरओने काही साधणार नाही. किट हाती येईपर्यंत दोन दिवस खाणे बंद ठेवावे, एअरपंप चालू ठेवावा, रोज क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे दहा टक्के पाणी बदलावे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.