अनलॉक करायला गेलो आणि फोनच दुसऱ्याच्या नावावर केला

६,५०० रुपये. तीन वेळा मिळून: १,२००, १,८०० आणि ३,५००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी अजून ‘हजारभर गेले’ एवढंच ठाऊक आहे आणि कुठेतरी खरं बोलायलाच हवं.

काम साधं होतं. रेडमी फोनचा बूटलोडर, म्हणजे फोनवर कुठली प्रणाली चालू द्यायची ते ठरवणारं कुलूप, अनलॉक करायचा. रेडमीची कंपनी शाओमी त्याचा एक पैसाही घेत नाही, आणि हे मला माहीत होतं. पुन्हा लिहितो, माहीत होतं. त्यामुळे ‘अडाणी माणूस फसला’ म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये.

मग पैसे का दिले? कोट्यामुळे. हायपरओएस ही शाओमीची नवी प्रणाली आल्यापासून नुसतं शाओमीचं अकाउंट फोनला जोडून भागत नाही. आधी कंपनीच्या कम्युनिटी ॲपमध्ये परवानगीचा अर्ज टाकायचा, त्यासाठी अकाउंट ३० दिवस जुनं हवं, आणि रोज ठरावीक अर्जच घेतले जातात. हा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री उघडतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. साडेनऊला दोन सेकंद उशीर झाला की ‘आजचा कोटा संपला’. असे एकोणीस दिवस. ताटात शिताचा डोंगर, हुमण निवतंय, आणि डोळे घड्याळावर. परवानगी मिळाली तरी पुढे डेव्हलपर ऑप्शन्समधल्या ‘मी अनलॉक स्टेटस’मध्ये, वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू ठेवून, अकाउंट फोनला जोडायचं, तिथून तास मोजायला लागतात, बहुधा १६८, काही फोनांना ७२. मध्येच ‘बघू झालं का’ म्हणून पुन्हा जोडलंत तर मोजणी पहिल्यापासून. एकोणीस रात्रींनंतर माणसाची अक्कल थोडी पातळ होते, एवढंच माझ्या बाजूचं म्हणणं आहे.

मग एका चॅनेलवर जाहिरात दिसली: ‘क्वोटा नहीं, वेटिंग नहीं, दस मिनट में अनलॉक.’ असली चॅनेलं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. रोज वीस-पंचवीस स्क्रीनशॉट, खाली ‘हो गया भाई, थँक्यू भाई’. १,२०० पाठवले. दूरवरून लॅपटॉप चालवायचं ॲप टाकायला लावलं, तेही टाकलं. मग आली ‘सर्व्हर क्रेडिट’ची बात, १,८०० आणखी. म्हणे कंपनीच्या ऑथराइज्ड अकाउंटमधून दर फोनमागे क्रेडिट कापलं जातं. हे अर्धं खरं होतं म्हणून घशाखाली उतरलं. पार मेलेला फोन क्वालकॉम चिपच्या ९००८ मोडमध्ये, म्हणजे ईडीएलमध्ये, घालून फ्लॅश करायचा (प्रणाली नव्याने भरायची) तर ऑथराइज्ड अकाउंट खरोखर लागतं, आणि त्याचा चोरटा बाजारही आहे. पण ते मेलेल्या फोनाला. चालत्या फोनाच्या अनलॉकशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि मग त्या चॅनेलवाल्याने लिहिलं: ‘अपना अकाउंट साइन आउट करो, मेरा आयडी डालो. मेरे अकाउंट का सात दिन पूरा है.’

इथे. इथेच कळायला हवं होतं. तास एकट्या अकाउंटचे कधीच भरत नाहीत. हे अकाउंट आणि हा फोन, अशा जोडीचे ते भरतात. त्याच्या अकाउंटने माझा फोन जन्मात पाहिला नव्हता, मग सात दिवस कुठले पुरे? ही गोष्ट मी स्वतः दहा जणांना समजावली आहे. इतकंच काय, फोननेही अडवलं. साइन आउट दाबल्यावर खिडकी उघडली: फाइन्ड डिव्हाइस (हरवलेला फोन शोधायची, लॉक करायची सोय) बंद होईल, पासवर्ड टाका. म्हणजे तो सरळ विचारत होता की मालकी सोडतोस का. बाहेर पाऊस, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी १८ टक्के, पलीकडून ‘जल्दी करो भाई, सर्व्हर टाइमआउट हो जाएगा’. त्या खिडकीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद थांबला होता. ते दहा-पंधरा सेकंद अजून झोपू देत नाहीत. मग पासवर्ड टाकला.

त्याचा आयडी आत गेला आणि फाइन्ड डिव्हाइस त्याच्या नावाने चालू झालं. दोन मिनिटांत त्याने लॉस्ट मोड लावला. स्क्रीनवर ‘हा फोन लॉक केला आहे’ आणि खाली त्याच्याच अकाउंटचा पासवर्ड मागणारी चौकट. रिकव्हरीतून डेटा पुसूनही ती चौकट जात नाही, कारण हे कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर असतं. गोव्याच्या भाषेत सांगायचं तर एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा) त्याचं नाव चढवलं आणि मग त्याच्याकडेच घराची चावी मागत बसलो.

त्याने सोडवणुकीचे ३,५०० मागितले. दिले. होय, दिले. बॅकअप होता, पण १८,९९९ चा अकरा महिन्यांचा फोन वीट होऊन पडलेला बघवेना. मिळाल्यावर आणखी ५,००० मागितले, तेव्हा कुठे हात आवरला. सोडवणुकीचे पैसे एकदाही देऊ नका. देणारा सापडला की दर वाढतो.

फोन परत मिळाला तो मूळ बिलामुळे. बिल आणि बॉक्सवरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) पाहून सर्व्हिस सेंटरने विनंती वर पाठवली, नवव्या दिवशी कुलूप निघालं. ज्यांनी सेकंडहँड फोन रोख देऊन, कागदाशिवाय घेतला आहे त्यांना हे दारच नाही. बॉक्स फेकू नका.

आता मूळ प्रश्न: बूटलोडर उघडावाच का? ज्यांना फक्त जाहिराती आणि कंपनीने कोंबलेली ॲपं नकोत त्यांनी अजिबात उघडू नये. यूएसबी डीबगिंग चालू करा, संगणकावरून एडीबीने (फोनला हुकूम देणारं साधन) ‘पीएम अनइन्स्टॉल’ला ‘युजर ०’ जोडून हवं ते पॅकेज काढा. रूट (फोनचा पूर्ण ताबा) लागत नाही, डेटा जात नाही, चुकलं तर ‘इन्स्टॉल एक्झिस्टिंग’ने परत येतं, नाहीतर फॅक्टरी रीसेटने सगळंच परत येतं. फक्त सिक्युरिटी आणि फाइन्ड डिव्हाइस या दोन पॅकेजांना हात लावायचा नाही. ती काढली की फोन लोगोवरच घुटमळतो. जाहिरातींसाठी एमएसएची (जाहिराती दाखवणारं शाओमीचं ॲप) परवानगी रद्द करायची (पहिल्या दोन-तीन वेळा ‘रद्द करता आली नाही’ म्हणतो, दाबत राहायचं) आणि जाहिराती अडवणारा प्रायव्हेट डीएनएस लावायचा. नव्वद टक्के लोकांची तक्रार एवढ्यावर मिटते. माझीही मिटली असती, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांचा फोन जुना झाला, कंपनीचे अपडेट बंद झाले आणि लिनिएजओएस ही दुसरी प्रणाली घालून आणखी काही वर्षं काढायची आहेत त्यांचं कारण खरं. त्यांनी आधी काय जाणार ते मोजावं. अनलॉकच्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, त्याला पर्याय नाही. वाइडवाइन, म्हणजे सिनेमांची चोरी रोखणारी सोय, एल१ ची बहुधा एल३ होते, मग पैसे भरून घेतलेले सिनेमे एचडीत दिसत नाहीत. सॅमसंग असेल तर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो, ०x१ दाखवतो, आणि पुन्हा लॉक केला तरी तो ० होत नाही. सिक्युअर फोल्डर कायमचा गेला. सगळ्यात रोजचा फटका प्ले इंटेग्रिटीचा, म्हणजे फोन सुरक्षित आहे का या गूगलच्या तपासणीचा. बँकेची आणि यूपीआयची ॲपं आज चालतील, परवाच्या अपडेटनंतर बंद पडतील. म्हापशाच्या बाजारात बांगडे पिशवीत पडल्यावर ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असं ॲपने सांगितलं तर मासळीवालीला प्ले इंटेग्रिटी समजावत बसा. पैशांसाठी दुसरा, हात न लावलेला फोन असेल तरच या वाटेला जा.

तरी जायचं तर केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन धरून फास्टबूट (संगणकाचे हुकूम घेणारा मोड), विंडोजवर शाओमीचं ‘मी अनलॉक’ टूल, त्यात तुमचंच अकाउंट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर नाही. फास्टबूटची स्क्रीन मध्येच काळी पडली, ‘प्रेस एनी की’ आलं, तर यूएसबी ३ सोडून यूएसबी २ च्या पोर्टात लावा, किंवा मध्ये स्वस्तातला यूएसबी २ हब घाला; रायझनच्या लॅपटॉपांवर हा त्रास ठरलेला.

रॉम (फोनची अख्खी प्रणाली) चढवताना मीफ्लॅश या शाओमीच्या टूलच्या तळाशी बघा. तिथे ‘क्लीन ऑल अँड लॉक’ आधीपासून निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं तर रॉम चढतो, बूटलोडर पुन्हा बंद होतो, आणि चिनी फोनावर ग्लोबल रॉम असेल तर ‘ही आवृत्ती या फोनवर चालत नाही’ म्हणून तिथेच थांबतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच ‘ग्लोबल’ फोन मुळात चिनी असतात, हे त्या क्षणी कळतं. जुना रॉम घालून मागे जायचं असेल तर अँटी-रोलबॅकचा (जुन्या आवृत्तीकडे जाऊ न देणारी सोय) आकडा आधी बघा. फोनमधल्या आकड्यापेक्षा रॉमचा कमी असेल तर फोन मेला, मग ते ९००८ आणि ते क्रेडिटवाले दलाल. रूटसाठी फोनमध्ये आहे त्याच बिल्डची बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) घ्यायची, अँड्रॉइड १३ किंवा पुढचं घेऊन जन्मलेल्या फोनांत बहुधा इनिट बूट. ती मॅजिस्क या ॲपने पॅच करायची आणि मूळ प्रत बाजूला ठेवायची. क्वालकॉम चिपवर पर्सिस्ट, मोडेमएसटी १ आणि २, एफएसजी, मीडियाटेक चिपवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा या विभागांचा बॅकअप रूट मिळाल्याबरोबर. हे गेले की आयएमईआय शून्य. मग दुकानदार म्हणतो, ‘दुसरा घालून देतो.’ पळा तिथून. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड.

तारवटींच्या (बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या) घरच्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे हे घरोघर आहे. बोटीवरून कोणी अमेरिकेतला आयफोन आणतो आणि तो इथलं सिम घेत नाही. ते कुलूप तिकडच्या नेटवर्क कंपनीचं. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथे कॅरियर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ नसेल तर फोन लॉक्ड आहे. हप्ते फिटल्यावर ती कंपनीच उघडते, आणि तेही फुकट. सिमखाली चिकटवायची चिप हा तात्पुरता जुगाड, आयओएसच्या अपडेटला तो बऱ्याचदा मरतो. ‘आयक्लाउडचं कुलूप काढून देतो’ म्हणणारा तर माझ्या त्या भाईचाच भाऊ.

आता सरकारी पराक्रम. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० तासाभरात लावा आणि सगळ्या व्यवहारांचे यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच मिळतात. मी सोडवणुकीच्या नादात अडीच दिवस घालवले. पण पुढचं? पहिल्या ठाण्यात विचारलं, ‘तुम्ही फोन हॅक कशाला करत होता?’ स्वतःच्या पैशांच्या फोनाचं कुलूप उघडणं म्हणजे हॅकिंग नव्हे, हे मी चौघांसमोर शाळकरी पोरासारखा उभा राहून सांगत होतो. दुसरीकडे धाडलं. तिथे आकडा ऐकून साहेब हसले, ‘साडेसहा हजार? इथे साडेसहा लाखांच्या फायली पडल्यात.’ मग साडेसहा लाखांच्या तरी सोडवा की! मराठीतला अर्ज बघून म्हणाले, ‘इंग्लिशमध्ये आणा.’ १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, पण ते टेबलापलीकडे कोणाला सांगता? इंग्रजीत आणला, तर हद्द कुणाची यावर अर्धा तास. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावी लागते. हे कलम चिठ्ठीवर लिहून न्या. न्याय संहितेचं ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६ड हेही त्याच चिठ्ठीवर. मी तोंडी बोललो, म्हणून मला बाकावर बसवलं.

बँकेने एका ओळीत निकाल लावला: पिन तुम्हीच टाकलात. कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे तो लागत नाही, हे खरं. पण समोरचं खातं अजून चालू आहे का एवढं विचारलं, तर ‘ती माहिती देता येत नाही’.

सायबर तक्रारींच्या पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘अंडर प्रोसेस’ आहे. चॅनेल नाव बदलून चालू आहे, स्क्रीनशॉटही तेच, फक्त १,२०० चे १,५०० झालेत.