खुब्यातला गोळा आणि पडद्यावरचे पट्टे: एमएआर घ्यावं की ड्युअल एनर्जी?

डोंबिवलीत स्वतःचं सीटी सेंटर काढणाऱ्या एका धाकट्या मित्राचा परवा फोन आला. पैसे मोजके आहेत. शरीरातल्या धातूमुळे सीटीच्या प्रतिमेवर पट्टे उमटतात, त्यांच्यासाठी साधं मशीन घेऊन त्यावर एमएआरचं (मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन, म्हणजे पट्टे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स टाकून घ्यावं, की ओढाताण करून ड्युअल एनर्जीवालंच (दोन ऊर्जांनी स्कॅन करणारं) मशीन उचलावं? मी तेव्हा लोकलमध्ये होतो. दादर ते कुर्ला एवढ्या वेळात जमलं तेवढं सांगितलं, राहिलेलं इथे लिहितो. दादरच्या सेंटरवर मी दोन्ही वापरलंय. आधी कित्येक वर्षं फक्त एमएआर होतं, नवीन मशीन घेताना मीच ड्युअल एनर्जीसाठी हट्ट धरला. त्यामुळे मी अगदीच तटस्थ आहे असं समजू नका.

बीम हार्डनिंग (धातूतून जाताना कमी ऊर्जेचे किरण गळून जाणं), फोटॉन स्टार्व्हेशन (धातूपलीकडे पुरेसे फोटॉनच न पोचणं) हे तुम्हाला शिकवायला नको. फक्त सगळे धातू एका मापाने मोजू नयेत; अणुक्रमांक जितका मोठा, तितके किरण जास्त अडतात. टायटॅनियमचा अणुक्रमांक 22, कोबाल्टचा 27, आणि दातात चांदी भरलीय म्हणतात त्या मिश्रणातल्या पाऱ्याचा 80. तुमच्या दारात कोण येतं, यावर अर्धा निर्णय इथेच होतो. आमच्याकडे लोकलमधून पडून मांडीत रॉड घातलेली पोरं येतात, मणक्यात स्क्रू असलेले बँकेतले साहेब येतात, आणि पूर्वी कधीतरी ऑस्टिन मूर (खुब्याचा कृत्रिम गोळा) बसवलेल्या आज्या येतात. ‘आत काही धातू आहे का?’ विचारलं तर आज्जी नाही म्हणतात, आणि टोपोग्रामवर (स्कॅनआधीच्या एक्स-रेसारख्या चित्रावर) खुब्यातला गोळा लख्ख दिसतो. त्यांच्या लेखी तो आता धातू नसून त्यांचाच पाय झालेला असतो.

एमएआर म्हणजे रफू. धातूच्या सावलीत बाद झालेला डेटा सायनोग्राममधून (स्कॅनच्या कच्च्या मोजणीतून) कापायचा आणि शेजारच्या धाग्यांवरून ते भोक भरायचं. 1987 साली सीटीचे संशोधक कालेंडर आणि सहकाऱ्यांनी हे सरळ रेषेच्या अंदाजाने करून दाखवलं. आताची सॉफ्टवेअर आधी हाड, मांस, हवा यांचा कच्चा नकाशा करतात आणि त्याच्या आधाराने विणतात, त्यामुळे वीण पुष्कळ बारीक झालीय. सीमेन्सचं आयमार, फिलिप्सचं ओ-मार, जीईचं स्मार्ट मार, कॅननचं सेमार. बारकावे ज्याचे त्याचे, घराणं एकच. आमचे टेक्निशियन सगळ्यालाच ‘मार’ म्हणतात. ‘सर, आज्जींना मार देऊ का?’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारे नातेवाईक दचकतात.

ड्युअल एनर्जीत भोक कापून भरण्याचा प्रकार नाही. दोन वेगळ्या ऊर्जांची मोजणी घ्यायची आणि त्यावरून, जणू एकाच ऊर्जेच्या किरणाने काढलीय अशी प्रतिमा गणिताने बांधायची. ऊर्जा चढवत 110, 130, 140 केईव्हीवर (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) गेलं की बीम हार्डनिंगचे पट्टे विरत जातात. टायटॅनियमचे स्क्रू, प्लेट, रॉड यांना मला हे पुरतं. आमच्याकडे मणक्याच्या स्क्रूंचा शंभरातला जेमतेम एखादा पेशंट असा निघतो, जिथे 130 वर माझं अडतं. हे मोजलेलं नाही, रोजच्या कामातून डोक्यात बसलेलं आहे.

आता माझं मन कशाने फिरलं ते सांगतो. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई होत्या, सत्तरीच्या आसपास. सहा वर्षांपूर्वी खुबा बदललेला, आता जिना चढताना दुखतं म्हणून सीटी. एमएआरच्या प्रतिमा स्वच्छ, सुंदर. आणि इम्प्लांटच्या मांडीच्या हाडातल्या दांड्याभोवती वरपासून खालपर्यंत एक सलग, गुळगुळीत काळी रेघ. कुठल्याही विद्यार्थ्याने जे लिहिलं असतं तेच मी लिहिलं: इम्प्लांट सैल झाल्याची शक्यता. दोन दिवसांनी त्यांच्या सर्जनचा फोन आला. सूर सभ्य होता, तेच जास्त लागलं. ‘डॉक्टर, सहा वर्षांचे एक्स-रे माझ्यासमोर आहेत. दांडा एक मिलिमीटर हललेला नाही.’ एमएआर न लावलेली मूळ सिरीज काढली, बोन विंडो (हाड बघण्यासाठीची उजळपणाची मांडणी) रुंद केली. पट्टे भरपूर, डोळे दुखतील इतके. पण पट्ट्यांच्या मधल्या फटींतून हाड धातूला टेकलेलं दिसत होतं. काळी रेघ रफूने विणलेली होती. दुखणं कमरेच्या मणक्यातून येत होतं. तोवर मुलाने दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चासाठी विमावाल्यांकडे चौकशीही करून ठेवली होती. मी सुधारित रिपोर्ट दिला, माफी मागितली.

दोष सॉफ्टवेअरचा म्हणावा तर त्यासोबत मूळ प्रतिमा वाचाव्यात हे मला माहीत होतं. दिवसाला साठ केसेस असतात तेव्हा माणूस स्वच्छ चित्राकडे आधी वळतो, आणि स्वच्छ चित्रावर संशय घ्यायची डोळ्यांना सवय नसते. ड्युअल एनर्जीची प्रतिमा चुकते तेव्हा तिथे पट्टा उरतो, आणि पट्टा पाहून मला कळतं की इथलं काही सांगता येणार नाही. एमएआर चुकतं तेव्हा ती चूक शरीरासारखी दिसते. त्यानंतर मणक्याचा अखंड स्क्रू एमएआरमध्ये मध्येच बारीक झालेला, जवळजवळ मोडल्यासारखा दिसलेलाही पाहिला. खांद्याच्या इम्प्लांटला तर शेजारी फुप्फुसातली हवा असते. धातू आणि हवा जवळजवळ आली की माझा एमएआरवरचा विश्वास आणखी कमी होतो.

भर म्हणून फिल्मचं दुखणं. पेशंट प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म घेऊन सर्जनकडे जातो. छापायला म्हणून टेक्निशियन स्वच्छ सिरीज निवडतो, म्हणजे नेमकी एमएआरची. कोपऱ्यातलं बारीक अक्षर कोण वाचतो?

तरीही मित्राला मी ड्युअल एनर्जी घेच, असं छातीठोकपणे सांगितलं नाही. दोन्ही खुबे कोबाल्ट-क्रोमचे असले की मधल्या मूत्राशयापर्यंत फोटॉनच पोचत नाहीत, आणि जे मोजलंच गेलं नाही ते 140 केईव्हीसुद्धा उभं करू शकत नाही. तिथे रफूच कामाला येतं, आणि मला विचाराल तर चांगलंच येतं. दुसरी अडचण आयोडीनची, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेल्या कॉन्ट्रास्टची. त्याचा के-एज (ज्या ऊर्जेला ते किरण एकदम जास्त शोषतं ती पायरी) 33 केईव्हीच्या आसपास, त्यामुळे ऊर्जा चढवली की कॉन्ट्रास्ट फिका पडतो. गुडघ्याजवळ रॉड आहे आणि पोप्लिटिअल (गुडघ्यामागची) धमनी वाहतेय का ते बघायचंय, अशा पोराला मी मुकाट एमएआर देतो. तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच. तंबाखूमुळे मुंबईत हे पेशंट काही कमी नाहीत, आणि चांदी भरलेली दाढ जिभेच्या नेमक्या कडेवर पट्टा ओढते. तिथे एमएआरने मांस मोकळं होतं, मात्र खुद्द दात आणि जबड्याचं हाड त्यावर वाचू नये. तोंड उघडं ठेवून एक जादा स्कॅन घेतला तर पुष्कळदा दोन्हीची गरज कमी होते.

ड्युअल एनर्जीसाठी दोन एक्स-रे नळ्यांचं मशीन घेणार असाल तर दुसऱ्या नळीचं क्षेत्र विचारून घ्या. पहिल्या पिढीत ते 26 सेंटिमीटर होतं, पुढच्या पिढीत 33 झालं. जाड पेशंटचा खुबा मधोमध बसला नाही तर तो त्या वर्तुळाबाहेर जातो आणि सगळी हौस फुकट. किरणांच्या डोसचा फरक मला तरी जाणवण्यासारखा वाटला नाही. सिरीज वाढतात, पॅक्स (प्रतिमा साठवायची यंत्रणा) भरतो, ते दोन्हीकडे आहेच.

फुकटातले उपाय यातल्या कशाहीआधी. एका गुडघ्याचा स्कॅन असेल तर दुसरा पाय दुमडून वर घ्या, म्हणजे एका स्लाइसमध्ये एकच धातू येतो. केव्ही (नळीचं व्होल्टेज) चढवा, मऊ कर्नलची (प्रतिमा गुळगुळीत करणाऱ्या गाळणीची) एक सिरीज काढा, विंडो रुंद ठेवा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मित्राच्या सेंटरसमोर ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे, पेशंट बहुतेक स्क्रू-प्लेटवाले, टायटॅनियमचे. त्याच्या जागी मी असतो तर कर्ज थोडं वाढवलं असतं. नाहीच जमलं आणि एमएआर घेतलं, तर मूळ सिरीज पॅक्सवर आपोआप जाईल आणि फिल्मवर दोन्ही छापल्या जातील असा प्रोटोकॉल पहिल्याच दिवशी बसवून घे, असं त्याला बजावलंय. आणि डेमोला येणारा माणूस लॅपटॉपवर आधी-नंतरचे फोटो दाखवेल, ते बघूच नकोस. ज्याचं उत्तर ऑपरेशनमध्ये आधीच कळलेलं आहे असा एखादा खुबा शोध, त्याचा रॉ डेटा दे, आणि त्याच्यासमोर बसून दांड्याभोवतीची रेघ बघ.