११२ : मध्यरात्रीच्या एका फोनचा अनुभव

गणेशोत्सवात आमचे समोरचे शेजारी सहकुटुंब कोकणात गेले होते. तिसऱ्या रात्री सव्वादोनच्या सुमारास त्यांची कडी खडखडल्याचा आवाज आला, म्हणून मी दाराच्या भिंगातून पाहिले, तर दोघे जण टॉर्चच्या उजेडात कोयंड्याशी वाकलेले होते. दार न उघडता स्वयंपाकघरात जाऊन मी ११२ या आपत्कालीन मदत क्रमांकावर फोन लावला.

महाराष्ट्रात हा फोन जवळच्या ठाण्यात नव्हे, तर नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात उचलला जातो, हे ठाऊक असलेले बरे. पलीकडच्या व्यक्तीला आपली गल्ली माहीत नसते, त्यामुळे शहर, परिसर आणि जवळची ठळक खूण आधी सांगावी. फोन घेणाऱ्या ताई शांतपणे मराठीत एकेक प्रश्न विचारत होत्या. माणसे किती, हातात काय, खाली वाहन उभे आहे का? खिडकीतून मला पांढरा छोटा टेम्पो दिसला. त्याच्या मागच्या नंबरप्लेटवर चिखल थापला होता. दार उघडू नका, असे त्यांनी दोनदा बजावले. काही मिनिटांतच गस्तीवरील पोलिसांनी मला थेट फोन केला आणि बाराव्या मिनिटाला दुचाकीवरून दोन बीट मार्शल फाटकात हजर झाले. चोर जिन्यावरून पळाले, पण कटावणी तिथेच टाकून गेले. कोयंड्याचा एकच स्क्रू उरला होता आणि चौकटीवर बोटभर खोल ओरखडे पडले होते. आणखी पाच मिनिटे गेली असती, तर घर रिकामे झाले असते.

इथवरच्या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मात्र त्यानंतर स्थानिक ठाण्यातून आलेल्या एका कर्मचाऱ्याने पार्किंगमध्ये जमलेल्या वीसेक लोकांसमोर मोठ्याने विचारले, "फोन कोणी केला? कितव्या मजल्यावरचे?" माझे नाव आणि फ्लॅट क्रमांक तिथेच वहीत लिहिला गेला. सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलालाही ते ठाऊक होते. घरी मी आणि माझ्या दोन मुलीच राहतो. त्या रात्रीपासून जिन्यात पाऊल वाजले की मला झोप लागत नाही.

सोसायटीतील अनेकांनी नंतर विचारले की, संशय चुकीचा निघाला असता तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती हा गुन्हा आहे. प्रामाणिक शंका फोल ठरली म्हणून ते कलम लागत नाही. मात्र कळवायची ती कृती. अनोळखी चेहरा, मळके कपडे किंवा परप्रांतीय बोली हे फोन करण्याचे कारण नव्हे, आणि मागे आमच्याच इमारतीतून एका चादरीवाल्याविरुद्ध असा फोन गेला, तेव्हा मला फार वाईट वाटले होते.

माहिती देणाऱ्याचे नाव चारचौघांत उच्चारू नये, असा लेखी अर्ज मी ठाण्यात दिला आहे. अर्जाची पोच मिळाली. उत्तराची मी वाट पाहत आहे.